समुद्रसपाटीवरून लडाख : आधी ठराव, मग तिकीट



गळीत हंगाम आटोपतो, उसाच्या बिलांचे हप्ते जमा होऊ लागतात आणि गावोगावच्या पारावर सहलींच्या गोष्टी निघतात. पूर्वी या गोष्टी पंढरपूर, तुळजापूर, फार तर काशी-रामेश्वरपर्यंत जात. आता लेह-लडाखचे नाव वारंवार निघू लागले आहे. त्यात २६ डिसेंबर २०२४ रोजी लडाखमधील पँगाँग सरोवराच्या काठी, १४,३०० फुटांवर, आपल्या लष्कराने छत्रपती शिवाजी महाराजांच्या पुतळ्याचे अनावरण केले. तेव्हापासून 'एकदा तिथे जाऊन माथा टेकायचाच' असे म्हणणारी मंडळी प्रत्येक गटात भेटतात. इच्छा चांगली आहे. पण या सहलीची आखणी अष्टविनायकासारखी करून चालत नाही. ती कशी करावी, एवढ्यापुरताच हा लेख आहे.

आपल्यापैकी पुष्कळांची सोयरीक घाटाखाली अलिबाग, चौल, रेवदंडा, मुरूड, श्रीवर्धन या बाजूला आहे आणि अशा सहलीत घाटावरचे व कोकणातले पाहुणे मिळूनच जातात. म्हणून उदाहरणाला रायगडचा किनाराच घेऊ. दुसरेही एक कारण आहे. डोंगराची उंची मोजतात ती समुद्रसपाटीपासून. म्हणजे रेवदंड्याच्या वाडीत राहणारा माणूस उंचीच्या हिशेबात शून्यावर राहतो. त्याला जे लागू, ते आपल्यालाही लागूच. आपले गाव दीड-दोन हजार फुटांवर आहे म्हणून घाटावरच्यांनी खुशीत राहू नये. लडाखच्या दृष्टीने आपण सगळे एकाच पातळीवरचे.

भरती-ओहोटीचा धडा

अलिबागचा कुलाबा किल्ला समुद्रात आहे. ओहोटीला तेथे चालत जाता येते, भरतीला वाट पाण्याखाली जाते. किनाऱ्यावरच्या माणसाला भरतीची वेळ काढायला पुस्तक लागत नाही. तिथीची पाऊणपट केली की झाले. अष्टमी असेल तर आठाचे पाऊणपट सहा, म्हणजे सहाच्या सुमारास भरती. किल्ल्यात कितीही मन रमले तरी पाणी चढू लागले की माणसे माघारी फिरतात. त्यात कोणाला कमीपणा वाटत नाही आणि 'तिकिटाचे पैसे वाया गेले' असेही कोणी म्हणत नाही.

उंचीचेही असेच वेळापत्रक असते. फरक इतकाच की समुद्राचे पाणी डोळ्यांना दिसते, उंची दिसत नाही. लेहला आकाश निळेभोर, ऊन लख्ख, रस्ता डांबरी, हॉटेलात गादी मऊ. धोका कोठेच दिसत नाही. म्हणून माणूस फसतो.

हवा तीच, पण विरळ

हवेत प्राणवायूचा वाटा सगळीकडे एकवीस टक्केच असतो. पण वर जाल तसा हवेचा दाब कमी होतो आणि एका श्वासात मिळणारा प्राणवायूही कमी होतो. लेह सुमारे ११,५०० फुटांवर आहे. तेथे एका श्वासात रेवदंड्याच्या मानाने साधारण दोन तृतीयांशच प्राणवायू मिळतो. खार्दुंग ला या खिंडीची उंची साडेसतरा हजार फुटांच्या पुढे आहे. तेथे तो जवळजवळ निम्म्यावर येतो. तुलनेसाठी सांगायचे तर आपला दुर्ग रायगड सुमारे ८२० मीटर, म्हणजे २,७०० फूट आहे. पँगाँगचा पुतळा त्याच्या पाचपट उंचीवर आहे.

शरीर याची सवय करून घेते. श्वास वाढतो, नाडी वाढते, हळूहळू रक्तातही बदल होतात. पण त्याला दिवस लागतात. नवी लागण एका पाण्याने वाढत नाही, तसेच हे आहे. सवय होण्याआधी माणूस वर गेला तर डोके दुखते, मळमळते, अन्नावरची वासना जाते, चक्कर येते, झोप लागत नाही. ही झाली पहिली पायरी. तिकडे दुर्लक्ष करून आणखी वर गेले तर क्वचित फुप्फुसात पाणी भरते किंवा मेंदूला सूज येते. या दोन्हींत वेळेवर उपाय झाला नाही तर माणूस दगावतो.

येथे दोन गैरसमज काढून टाकले पाहिजेत. पहिला असा की, 'उतरल्यावर काही झाले नाही, म्हणजे आता काही होत नाही.' डोकेदुखी बहुधा सहा ते बारा तासांनी सुरू होते आणि फुप्फुसाचा त्रास तर दुसऱ्या-तिसऱ्या रात्रीही उद्भवतो. दुसरा असा की, 'आम्ही कष्टाची माणसे, मोळ्या उचलणारी, आम्हाला काय होणार?' अंगातील ताकदीचा आणि या आजाराचा संबंध नाही. उलट दांडगा तरुण पहिल्याच दिवशी धावपळ करतो, डोके दुखत असले तरी सांगायला लाजतो आणि आधी आडवा होतो.

फौजेने काय शिकले

रायगड जिल्ह्यातील महाड तालुक्यात फौजी आंबवडे नावाचे गाव आहे. पहिल्या महायुद्धापासून तेथील घराघरांतून माणसे सैन्यात गेली, म्हणून गावाच्या नावातच 'फौजी' आले. आपल्याही गावांत लडाखला नोकरी करून आलेले जवान आहेत. त्यांना विचारा. पहिल्यांदा वर गेल्यावर काही दिवस त्यांना कामाला लावत नाहीत.

हा नियम अनुभवातून आला. १९६२ च्या चीन युद्धात मैदानी भागातील जवान घाईने उंचावर न्यावे लागले आणि पुष्कळ जण आजारी पडले. भारतीय लष्करी डॉक्टरांनी अशा १,९२५ जवानांचा अभ्यास केला. १९६९ साली तो अमेरिकेतील 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन' या नामांकित वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. आज सैन्यात उंचीची सवय तीन टप्प्यांत करतात : ९,००० ते १२,००० फुटांवर सहा दिवस, १२,००० ते १५,००० फुटांवर चार दिवस आणि त्याहून वर पुन्हा चार दिवस. विशी-पंचविशीतील निवडक, तपासलेल्या तरुणांसाठी हा हिशेब आहे. मग पन्नाशी-साठीतील, रक्तदाबाची गोळी घेणाऱ्या आपल्या मंडळींनी पाच दिवसांत लेह, नुब्रा आणि पँगाँग उरकायचे म्हणावे, हे शहाणपणाचे नव्हे.

सरकारही या बाबतीत कडक आहे. कैलास-मानसरोवर यात्रा २०२० पासून बंद होती, ती २०२५ मध्ये पुन्हा सुरू झाली. तिला १८ ते ७० हीच वयोमर्यादा आहे. उंचीच्या मानाने वजन जास्त असेल तर नाव बाद होते. दिल्लीत वैद्यकीय तपासणी होते आणि वर गेल्यावर पुन्हा होते. लडाखला जाताना असे अडवणारे कोणी नाही. म्हणून ही तपासणी आपली आपणच करायची.

विमानाने की रस्त्याने?

मुंबईहून विमानाने लेह काही तासांवर आले आहे. आज दुपारी रेवदंड्याच्या वाडीत नारळ उतरवणारा माणूस उद्या सकाळी लेहच्या विमानतळावर उभा राहू शकतो. एका दिवसात शून्यावरून साडेअकरा हजार फूट! विमानाने येणाऱ्यांनी पहिले ४८ तास विश्रांती घ्यावी, अशी तेथील प्रशासनाची सूचना असते. विमानानेच जायचे असेल तर हे दोन दिवस खोलीत आणि अंगणात काढायचे, असे ठरवूनच निघावे.

ज्यांच्याजवळ दिवस आहेत त्यांनी श्रीनगरमार्गे रस्त्याने चढावे आणि विमानाने उतरावे. पुण्याहून झेलम एक्स्प्रेस जम्मूला जाते. कोकणातल्या पाहुण्यांना मुंबईहून कटऱ्यापर्यंत गाडी मिळते. जून २०२५ पासून कटरा ते श्रीनगर रेल्वेही सुरू झाली आहे. एप्रिल २०२५ मध्ये पहलगाम येथे पर्यटकांवर भ्याड हल्ला झाला, हे लक्षात ठेवून निघण्यापूर्वी त्या भागातील परिस्थितीची आणि सरकारी सूचनांची चौकशी अवश्य करावी. पुढचा आराखडा असा धरावा :

श्रीनगर, ५,२०० फूट : दोन मुक्काम.

कारगिल, सुमारे ८,८०० फूट : दोन मुक्काम. वाटेत झोजी ला खिंड लागते आणि द्रास येथे १९९९ च्या युद्धाचे स्मारक आहे, तेथे थांबावे.

लेह, ११,५०० फूट : वाटेत १३,४०० फुटांच्या वरची फोटू ला खिंड आणि लामायुरूचा मठ. लेहला तीन मुक्काम. पहिला दिवस पूर्ण विश्रांती, नंतर गाडीने जवळपासचे मठ आणि बाजार.

नुब्रा खोऱ्यातील दिस्कित, सुमारे १०,३०० फूट : एक मुक्काम. खार्दुंग ला ओलांडावी लागते, पण खिंडीत दहा-पंधरा मिनिटांपेक्षा जास्त थांबू नये. मुक्काम लेहपेक्षा खालीच पडतो, हे बरे.

पुन्हा लेह, मग पँगाँग : पाच-साडेपाच तासांचा एकेरी रस्ता, मध्ये साडेसतरा हजार फुटांची चांग ला. तोवर आठ-नऊ दिवस झालेले असतात. तरीही पहाटे निघून, महाराजांचे दर्शन घेऊन, रात्री लेहला परतावे. सरोवराच्या काठी मुक्काम करण्याचा मोह आवरावा, कारण त्रास वाढतो तो बहुधा रात्री.

शेवटी लेहला एक दिवस राखीव. खिंड बंद झाली, कोणी आजारी पडले किंवा विमान रद्द झाले तर हा दिवस उपयोगी पडतो.

दिवसा चढावे आणि झोपायला खाली यावे, हे या आखणीचे सूत्र आहे. १०,००० फुटांच्या वर झोपण्याची जागा एका दिवसात दीड-एक हजार फुटांपेक्षा जास्त वाढवू नये, असे डॉक्टर सांगतात. कारगिलहून लेहला येताना हे प्रमाण ओलांडले जाते, म्हणूनच लेहचा पहिला दिवस विश्रांतीचा ठेवला आहे. मनालीमार्गे चढण्याचा आग्रह धरू नये. त्या वाटेवर सर्चूसारखा मुक्काम १४,००० फुटांच्या आसपास पडतो, म्हणजे सवय होण्याआधीच लेहपेक्षा उंच झोपावे लागते.

केव्हा जावे?

लेहला वर्षभरात चार इंचांच्या आसपासच पाऊस पडतो. आपल्या किनाऱ्यावर एखाद्या दिवसात याहून जास्त पडतो. पण तिकडची घरे मातीची आणि डोंगर उघडे, त्यामुळे थोडा पाऊसही घात करतो. ५ ऑगस्ट २०१० च्या रात्री लेहला ढगफुटी होऊन दोनशेच्या वर माणसे गेली. तेव्हा ऑगस्ट टाळावा.

आपल्या सोयीनेही सप्टेंबरच बरा. आडसालीची लागण ऑगस्टच्या मध्यापर्यंत उरकते आणि नवा हंगाम सुरू व्हायला अवकाश असतो. कोकणात भाताची लावणी संपलेली असते, कापणीला वेळ असतो. मात्र गणपती सोडून कोकणी माणूस हलणार नाही, हे गृहीत धरा. विसर्जन झाल्यावर निघावे. ज्यांना पक्ष घालायचा असेल त्यांनी तिथी आधी पाहून ठेवावी. किनाऱ्यावरच्या कोळी बांधवांची मासेमारी जून-जुलैत बंद असते. त्यांच्याबरोबर जायचे असेल तर जून धरावा.

निघण्यापूर्वी

दोन महिने आधी डॉक्टरांकडे जावे. हृदयविकार, दमा, वाढलेला रक्तदाब, मधुमेह, रक्तक्षय यांपैकी काही असेल तर 'जाऊ का?' हे स्पष्ट विचारावे आणि ते नाही म्हणाले तर ऐकावे. उंचीच्या त्रासावर डायमॉक्स नावाची गोळी प्रतिबंधक म्हणून देतात. ती डॉक्टरांच्या सांगण्यावरूनच घ्यावी. सल्फाच्या औषधांची ॲलर्जी असेल तर तसे आधी सांगावे. गोळी घेतली म्हणजे विश्रांती नको, असे मात्र नाही.

कोरोनाच्या काळात घराघरांत आलेला ऑक्सिमीटर बरोबर घ्यावा. लेहला आकडा नव्वदच्या खाली दिसला म्हणून घाबरून जाऊ नये, तेथे तो कमीच असतो. पण सोबतच्या सगळ्यांपेक्षा एकाचाच आकडा फार खाली असेल आणि त्याला त्रासही होत असेल तर दुर्लक्ष करू नये. बाजारात मिळणारा ऑक्सिजनचा छोटा डबा काही मिनिटेच पुरतो. तो उपचार नव्हे. दारू आणि झोपेची गोळी पूर्ण वर्ज्य. तंबाखू-बिडीवाल्यांनी निदान तेवढे दिवस तरी हात आवरावा. पाणी, भात, पेज, गूळ-शेंगदाणे असा साधा आहार बरा.

मोबाइलचे प्रीपेड कार्ड तेथे चालत नाही, म्हणून गटात दोघा-तिघांकडे तरी पोस्टपेड असावे. आधार कार्ड आणि त्याच्या प्रती जवळ ठेवाव्यात. नुब्रा-पँगाँगकडे जाण्यासाठीची नोंदणी आणि शुल्क यांचे नियम बदलत असतात. लेहला पोचल्यावर विश्रांतीच्या दिवसांतच ते काम उरकावे.

ठराव कसा असावा

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट. उंचीवर डोके नीट चालत नाही. आजारी माणूस 'मला काही झाले नाही' म्हणतो आणि सोबतचे म्हणतात, 'एवढे पैसे भरलेत, उद्याचा दिवस काढू.' म्हणून निर्णय वर गेल्यावर घ्यायचा नाही. तो खाली, समुद्रसपाटीवर, डोके ताळ्यावर असताना घ्यायचा. आपण सहकारातली माणसे आहोत. ठराव करायची आपल्याला सवय आहे. निघण्यापूर्वी बैठक घ्यावी आणि सर्वानुमते लिहून ठेवावे :

एक. उंचीवर डोके दुखले की तो उंचीचाच त्रास, असे धरायचे. उन्हाने, पित्ताने असेल असे म्हणायचे नाही.

दोन. ज्याला त्रास होत आहे त्याने आणखी वर जायचे नाही. त्याच्याजवळ एक जण थांबेल. हॉटेलात एकट्याला ठेवून बाकीचे फिरायला जाणार नाहीत.

तीन. बसल्याजागी धाप लागली, खोकला थांबेना, सरळ रेषेत चालता येईना किंवा माणूस असंबद्ध बोलू लागला, तर त्याच घटकेला डॉक्टर गाठायचा आणि खाली उतरायचे. रात्र आहे, ड्रायव्हर झोपला आहे, ही कारणे नाहीत. लेह शहराच्या भोवती खिंडी आहेत, चटकन खाली उतरता येत नाही आणि विमाने मुख्यतः सकाळीच असतात. म्हणून लेहमध्ये असाल तर थेट सोनम नोर्बू स्मारक रुग्णालय गाठावे. ज्या अभियंत्याने १९४८ साली लेहची धावपट्टी तयार केली, त्यांचेच नाव या रुग्णालयाला आहे.

चार. एकामुळे पँगाँग हुकले तर त्याला कोणी बोल लावणार नाही. जादा खर्च सगळ्यांत विभागला जाईल. त्यासाठी प्रत्येकाने थोडी रक्कम आधीच बाजूला काढावी.

पाच. टोळीला जसा मुकादम, तसा गटाला एक म्होरक्या. तो रोज रात्री प्रत्येकाला विचारील आणि त्याचा शब्द अखेरचा राहील. त्याच्या वडिलांनीही तो मानायचा.

यातला चौथा ठराव सर्वांत मोलाचा. आपली माणसे दुखणे लपवतात ती भीतीने नव्हे, भिडेने. 'माझ्यामुळे सगळ्यांची सहल बुडाली' हे ऐकायला नको म्हणून लपवतात. ती भीड खालीच मोडून टाकली तर वर एखाद्याचा जीव वाचेल. विशेषतः आपल्या बायका चार चौघांत बोलत नाहीत. त्यांना त्यांच्यातल्याच कोणी रोज विचारावे.

विश्रांतीचे दिवस वाया जात नाहीत

'तीन दिवस लेहला बसून काय करायचे?' असे कोणी विचारील. शेतकऱ्याला तेथे पाहण्यासारखे पुष्कळ आहे. सारी शेती बर्फ वितळून आलेल्या पाण्यावर, आणि वर्षातून एकच पीक. मुख्यतः सातू, गहू, वाटाणा आणि जर्दाळूची झाडे. ओढ्याचे पाणी छोट्या तळ्यांत साठवतात आणि ते कोणाच्या शेताला केव्हा द्यायचे हे ठरवायला गावाने नेमलेला माणूस असतो. त्याला 'चुर्पोन' म्हणतात. धुळे-नाशिककडची फड पद्धत ज्यांना माहीत आहे, त्यांना हे आपलेच वाटेल. पाळीच्या पाण्यावरून आपल्याकडे होणारी भांडणे आठवून त्या माणसाचा मान काय असेल, याची कल्पना करावी.

वसंतात पेरणीच्या वेळी पाणी कमी पडते म्हणून चेवांग नोर्फेल या अभियंत्याने हिवाळ्यातले वाहून जाणारे पाणी अडवून गावाच्या वर गोठवण्याची युक्ती काढली. त्यांना २०१५ साली पद्मश्री मिळाली. पुढे सोनम वांगचुक यांनी तेच पाणी उंच शंकूच्या आकारात गोठवले. ठिबकवर ऊस नेऊ पाहणाऱ्या आपल्या सभासदांनी तेथील शेतकऱ्यांशी दोन गोष्टी बोलल्या तर सहलीचे चीज होईल. चहा मात्र लोणी-मीठ घातलेला मिळेल. साखर कारखान्याच्या सभासदांनी तोही एकदा चाखून पाहावा!

असो. ज्या गटांना यंदा जायचे असेल त्यांनी बैठकीची तारीख आजच धरावी, घाटाखालच्या पाहुण्यांनाही बोलवावे आणि वरील पाच ठराव वाचून सर्वांच्या सह्या घ्याव्यात. ज्याला एखादा ठराव मान्य नसेल त्याने तसे बैठकीतच सांगावे आणि ही सहल सोडून द्यावी. सह्या झाल्यावर तिकिटे काढावीत.